बदलीवालीची वही

ओमेना डाव्या डोळ्याने अधू होती. तिला आधी हाक मारायची आणि मगच हात लावायचा.

"ओमेना, मीच आहे गं," इर्मेली म्हणाली आणि गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने तिची कास पुसू लागली. नोव्हेंबर संपत आला होता. बाहेर पाऊस आणि बर्फ एकत्रच पडत होते आणि गोठ्याच्या पत्र्यावर त्याचा जड, ओला आवाज येत होता. चोवीस गायींपैकी ही शेवटची. पहिल्या धारा काळ्या वाटीत घेऊन गुठळी नाही ना ते इर्मेलीने पाहिलं, यंत्राचे पेले चारही सडांना लावले आणि पाठ सरळ केली. त्रेपन्न वर्षांची पाठ आता एका दमात सरळ होत नसे. आधी गुडघे, मग कंबर, मग खांदे.

गोठा तिचा नव्हता. काउको रिस्सानेन आणि त्याची बायको हिल्का आठवडाभर रजेवर गेले होते. शेतकरी रजेवर गेला की त्याच्या गायी सांभाळायला तालुक्याचं ऑफिस बदली माणूस पाठवतं. सव्वीस वर्षं इर्मेली हुत्तुनेन हेच काम करत होती. हाउकीवाराच्या पंचक्रोशीतले साठ-सत्तर गोठे तिच्या पायाखालचे होते. लोक तिला बदलीवाली म्हणत.

दूध टाकीत गेलं, यंत्र धुऊन झालं, तेव्हा आठ वाजले होते. दूधघरात येऊन तिने फोन उघडला. ऑफिसचं पत्र आलं होतं. दुभते गोठे कमी झाले आहेत, वर्षअखेरीनंतर इतक्या बदली कामगारांची गरज उरणार नाही, आजवरच्या कामाबद्दल आभार. आभाराची ओळ तिने दोनदा वाचली. मग फोन खिशात टाकला, खिडकीला सुतळीने बांधलेली वही ओढली आणि रोजच्यासारखं लिहिलं: "मंगळवार सकाळ. सगळ्यांनी खाल्लं. सात नंबरच्या मागच्या उजव्या सडाला चीर. मलम लावलं. संध्याकाळी बघणे."

खाली नाव घातलं नाही. बदली माणूस कधीच घालत नाही. दुसरं कोण लिहिणार होतं?

घरी ताउनो कॉफी करत होता. त्याने वीस वर्षं जंगलात लाकूडतोडीचं यंत्र चालवलं होतं. पाठीच्या दोन मणक्यांनी दगा दिल्यापासून तो अंगणातल्या शेडमध्ये लोकांच्या करवती दुरुस्त करायचा.

"काम सुटलं," इर्मेली म्हणाली.

"कधीपासून?"

"एक जानेवारीपासून."

ताउनोने तिचा कप काठोकाठ भरला. राय धान्याच्या भाकरीवर लोणी लावलं आणि ती तिच्यापुढे सरकवली.

"माझी बहीण म्हणत होती," तो म्हणाला, "तिकडे दक्षिणेत हॉस्पिटलात साफसफाईला माणसं लागतात. राहायचीही सोय होते."

"तिकडे गायी आहेत का?"

"हॉस्पिटलात?"

"मग नको."

"घर विकावं लागेल, नाहीतर."

"गायींजवळचं काम हवं," ती म्हणाली. "आणि या घरातून जाऊन-येऊन करता येईल असं. दुसरं काही मागत नाही मी."

तिने आयुष्यात एकदाही कामासाठी अर्ज केला नव्हता. सव्वीस वर्षांपूर्वी ऑफिसातल्या माणसाने रस्त्यात गाठून विचारलं होतं, धार काढता येते का, आणि ती हो म्हणाली होती. आता त्याच आठवड्यात शहरातल्या एका गुरांच्या डॉक्टरकडे मदतनीस हवी असल्याचं कळलं. तिने स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून दोन संध्याकाळी अर्ज लिहिला आणि ताउनोला वाचून दाखवला.

"मी इर्मेली हुत्तुनेन. गोठ्यातली कामं थोडीफार येतात. कॉम्प्युटर फारसा येत नाही. माझ्याहून योग्य माणसं तुम्हाला मिळतीलच, पण गरज पडली तर मी आहे."

"बरं झालंय," ताउनो म्हणाला. "फुशारकी नाही कुठं."

दोन दिवसांत नकार आला. तो आला तेव्हा त्यांची मुलगी वेन्ला घरी होती. ती बारावीला होती आणि परीक्षेमुळे चिडलेली असायची. तिने आईचा अर्ज वाचला आणि कपाळाला हात लावला.

"आई, हे वाचून तुला कोणी गायीच्या शेजारी उभंसुद्धा करणार नाही."

"खरं तेच लिहिलंय."

"थोडीफार येतात? थोडीफार? मागच्या हिवाळ्यात तीन दिवस वीज नव्हती तेव्हा ट्रॅक्टरवर जनरेटर लावून चार गोठ्यांच्या धारा कोणी काढल्या?"

"सगळेच काढतात."

"बाकीचे तीन गोठेवाले तुला बोलवायला का आले मग?"

"तिला त्रास देऊ नकोस," ताउनो म्हणाला. "स्वतःची टिमकी वाजवणारा माणूस इथं कोणाला आवडतो का?"

"बाबा, तुम्ही दोघं मिळून टिमकी फोडूनच टाकलीय."

रोजगार सल्ल्यासाठी वाचनालयाच्या मागच्या खोलीत जावं लागे. इर्मेलीने आंघोळ केली, केस दोनदा धुतले, लग्नाकार्याचा निळा स्वेटर घातला. सल्ला देणारी एस्सी नावाची मुलगी वेन्लाहून फार तर सात-आठ वर्षांनी मोठी असेल. दार लागलं, दोघी बसल्या. थोड्या वेळाने एस्सी उठली आणि तिने खिडकी जराशी उघडली.

"गरम होतंय ना?" ती हसून म्हणाली.

बाहेर शून्याखाली आठ अंश होतं. मुरघासाचा, त्या आंबवलेल्या चाऱ्याचा वास केसांतून कधीच पुरता जात नाही हे इर्मेलीला माहीत होतं. टेबलावरचे हात तिने खाली मांडीवर घेतले.

"तर, तुम्ही कशात चांगल्या आहात? तीन गोष्टी सांगा."

इर्मेलीने खिडकीबाहेर पाहिलं. बर्फ उकरणारी गाडी चौकातून गेली, वळून परत आली. एस्सी वाट पाहत राहिली.

"नाही सांगता येत," ती म्हणाली.

"बरं. मग स्वतःबद्दल बोलूच नका." एस्सीने आपला हात टेबलावर पसरला आणि एक बोट धरलं. "एखादी घडलेली गोष्ट सांगा. कुठं आणि कधी, हे पहिलं बोट. अडचण काय होती, हे दुसरं. तुमच्या हातांनी तुम्ही काय केलं, तिसरं. आणि मग काय झालं, चौथं. चांगलं की वाईट ते वाचणारा ठरवेल. ते तुम्ही ठरवायचं नाही."

इर्मेलीने टेबलाखाली आपलं एक बोट धरून पाहिलं.

"आणि हे बघा," एस्सीने एक जाहिरात पुढे केली. चाळीस किलोमीटरवरच्या शेतकी शाळेला गोठ्यासाठी मार्गदर्शक हवी होती. पोरांना जनावरं हाताळायला शिकवायचं. अर्ज शुक्रवारी दुपारी चारपर्यंत. "खाली फोनची वेळ दिलीय. बुधवारी बारा ते एक. अर्ज पाठवण्याआधी फोन करायचा आणि त्यांना नेमकं काय हवंय ते विचारायचं. निम्मे लोक करत नाहीत."

"त्यांना कशाला त्रास?"

"त्रास घ्यायला त्यांनी एक तास काढून ठेवलाय."

निघताना इर्मेलीने स्वतःच खिडकी लावली.

बुधवारी ती दुसऱ्याच एका गोठ्यावर होती. बाराला पाच कमी असताना तिने हात धुतले. विचारायचा प्रश्न तिने पेनाने तळहातावर लिहून ठेवला होता. साबणाने त्यातला निम्मा गेला होता. दूधघरात उभं राहून तिने नंबर लावला. शाळेच्या मुख्याध्यापिका बिर्गित्ता लिंदरोस यांनीच उचलला. आवाज दक्षिणेकडचा, भराभर बोलणारा.

"मी हुत्तुनेन. जाहिरातीबद्दल." इर्मेलीने तळहात पाहिला. "जो माणूस घ्याल त्याने पहिल्या महिन्यात काय केलं तर तुम्हाला बरं वाटेल?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"असं कोणी विचारलं नव्हतं," बाई म्हणाल्या. "सांगते. पोरं गायीजवळ मुकाट्याने जातात, लाथ खातात, मग घाबरतात. आणि घाबरलोय हे सांगत नाहीत, कारण हसतील म्हणून. दोन मार्गदर्शक येऊन गेले. दोघांनाही काम यायचं. पण ते सगळं स्वतःच करून टाकायचे."

"हं," इर्मेली म्हणाली.

"अजून काही?"

"नाही. आभार."

फोन ठेवल्यावर तिने पुन्हा हात धुतले आणि तळहातावरचा उरलेला प्रश्न घासून काढला.

गुरुवारी सकाळी ती काउको रिस्सानेनकडे गेली. अर्जात दोन ओळखीच्या माणसांची नावं द्यायची होती. काउको सत्तरीचा, उंच, पुढे वाकलेला. तो गव्हाणीत मुरघास ढकलत होता. त्याने फावडं थांबवलं नाही.

"काउको, शेतकी शाळेतून फोन आला तर माझ्याबद्दल चार शब्द सांगाल का?"

"काय सांगायचं?"

"काम कसं करते ते."

काउकोने विचार केला. "तक्रार नाही," तो म्हणाला.

"थोडं जास्त लागेल म्हणतात."

त्याने फावडं भिंतीला टेकवलं. हे अवघड काम होतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "आम्ही जातो, तू येतेस. आम्ही परत येतो तेव्हा गायी असतात. आणखी काय असतं?"

"तेवढंच असतं," इर्मेली म्हणाली.

तो दूधघरात गेला आणि बराच वेळ आला नाही. आला तेव्हा त्याच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती. तिच्यात अकरा वह्या होत्या. काहींना दुधाचे डाग, एकीचा कोपरा वासराने चघळलेला.

"हिल्का फेकत नाही काही," तो म्हणाला. "काय झालं, कधी झालं, सगळं यात आहे. मला बोलता येत नाही. हे घेऊन जा."

त्या दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर वह्या पसरल्या. वेन्ला शाळेतून आली आणि दप्तर न काढताच वाचायला बसली.

"अकरा मार्च," तिने मोठ्याने वाचलं. "चौदा नंबर काल व्याली. आज उठत नाही, कान गार. डॉक्टरना सव्वापाचला फोन. येईपर्यंत पाठीवर घोंगडी, छातीखाली पेंढा, एका कुशीवर पडू दिली नाही. साडेसातला सलाईन. दहाला उठली." तिने वर पाहिलं. "आई, ही चार बोटं झाली की."

इर्मेलीने वही जवळ ओढली. खरंच झाली होती. कुठं, काय अडलं, काय केलं, मग काय झालं. सव्वीस वर्षं ती असंच लिहीत आली होती.

"आणि हे कोणासाठी?" वेन्लाने पुढचं पान दाखवलं.

"मी आजारी पडले तर दुसरा बदली यायचा. त्याच्यासाठी."

"ओमेनाला डाव्या बाजूने दिसत नाही," वेन्ला वाचू लागली. "तीन पावलांवरून नाव घ्या. कान वळला की पुढे जा. हात आधी पाठीवर, मग पोटावर, मग कासेला. भीती वाटली तर थांबा, तिलाही वाटते आहे. पहिल्या दिवशी मलाही लाथ बसली होती."

शेडमधून आलेला ताउनो दारात उभा राहून ऐकत होता. हाताचं तेल तो चिंधीला पुसत राहिला.

"शाळेच्या बाईंना हेच हवंय," तो म्हणाला.

"हेच," इर्मेली म्हणाली.

तिने तीन नोंदी निवडल्या: व्याल्यावर न उठलेली दुग्धज्वराची गाय, वीज गेलेले तीन दिवस आणि ओमेना. वेन्लाने जशाच्या तशा टाइप केल्या. 'थोडीफार' हा शब्द इर्मेलीने दोनदा घातला आणि वेन्लाने दोनदा काढला. सोबत वहीच्या पानांचे फोटो जोडले. शुक्रवारी तीन वाजून दहा मिनिटांनी अर्ज गेला.

सोमवारी मुलाखतीचं बोलावणं आलं. मंगळवारी दुपारी ताउनोने शेडमधलं बाक रिकामं केलं, मान ताठ केली आणि तो मुख्याध्यापिका झाला.

"हुत्तुनेनबाई, तुमच्यातला सगळ्यात मोठा दोष कोणता?"

"नवरा."

"त्याच्यावर तुम्ही कशी मात केली?"

"अजून प्रयत्न चालू आहेत."

"हे नाही सांगायचं तिथं," ताउनो म्हणाला, आणि हसताना पाठ धरून बसला. मग गंभीर होऊन त्याने विचारलं, "आम्ही तुम्हालाच का घ्यावं?"

करवतीच्या दातांवरून इर्मेलीने अंगठा फिरवला. ताउनो थांबला. त्याने पुन्हा विचारलं. सहाव्या वेळेला तिने तोंड उघडलं आणि मिटलं.

"उद्यापर्यंत वेळ आहे," ताउनो म्हणाला.

शाळेच्या ऑफिसात दोन खुर्च्या, एक टेबल आणि खिडकीतून दिसणारा नवा गोठा. बिर्गित्ता लिंदरोस बारीक, केस आखूड, समोर अर्जाची पानं. त्यांनी इर्मेलीला कॉफी दिली आणि लगेच मुद्द्यावर आल्या.

"तुमच्या रिस्सानेन यांना मी फोन केला. विचारलं, बाई कामाला कशी? म्हणाले, 'तक्रार नाही.' मी म्हटलं, आणखी काही? म्हणाले, 'परत येतो तेव्हा गायी असतात.' आणि फोन ठेवला." त्यांनी हात पसरले. "मी दक्षिणेतल्या तुर्कू शहराची आहे. याचा अर्थ मी काय घ्यायचा?"

इर्मेलीने कप खाली ठेवला. काउकोने सव्वीस वर्षांत कोणाला याहून मोठं काही म्हटलेलं तिने ऐकलं नव्हतं. पण हे आता तिलाच सांगावं लागणार होतं, स्वतःच्या तोंडाने, स्वतःबद्दल.

"तो आपल्या बायकोच्या स्वयंपाकालाही तक्रार नाही म्हणतो," ती सावकाश म्हणाली. "आणि त्यांच्या लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली. आमच्याकडे याच्या वर शब्द नाही. ट्रॅक्टरलासुद्धा तो एवढं म्हणत नाही."

बाईंच्या ओठांच्या कडा हलल्या. त्यांनी पान उलटलं.

"या नोंदी चांगल्या आहेत. ओमेनाची मी दोन वर्गांना वाचून दाखवली. पण कुठल्याच पानाखाली तुमचं नाव नाही."

"घालत नाहीत."

"का?"

"वही गायींची असते."

"ठीक आहे. पण मला माणूस नेमायचा आहे. हे तुम्हीच लिहिलंय हे मी कशावरून धरू? हे तुम्हीच केलंय हे?"

खिडकीबाहेर गोठ्याच्या दारातून एक मुलगी बादली घेऊन बाहेर आली. आतून यंत्राचा आवाज येत होता. लयीत येत होता, पण एक ठोका चुकत होता. कुठंतरी पेला नीट बसला नव्हता. इर्मेलीने तो ऐकला. टेबलाखाली तिने पहिलं बोट धरलं, मग सोडलं. दोन्ही हात टेबलावर ठेवले. नखांच्या कडांना आयोडिनचे पिवळे डाग होते. ते तिने लपवले नाहीत.

"मी लिहिलंय," ती म्हणाली. "मी केलंय. मला हे काम येतं."

खोलीत काही पडलं नाही, मोडलं नाही. बाई तिच्याकडे पाहत होत्या. इर्मेलीला वाटलं होतं तेवढं ते बोलणं अंगावर आलं नाही, म्हणून ती पुढे बोलली.

"शिकवताही येतं. सात बदली माणसं माझ्या हाताखाली तयार झाली. त्यांतला एक पहिल्या दिवशी दूधघरात रडत होता. मी त्याला घरी पाठवलं नाही. सगळ्यात गरीब गायीजवळ नेलं, तिच्या पाठीवर हात ठेवायला लावला आणि तिचा श्वास मोजायला सांगितला. पन्नासपर्यंत. मी काही केलं नाही, शेजारी उभी राहिले. आता तो शेजारच्या तालुक्यात साठ गायी सांभाळतो." ती थांबली. "आणि तुमच्या गोठ्यात आत्ता एका यंत्राचा पेला हवा ओढतोय. कोणीतरी जाऊन बघायला हवं. तुम्ही नाही. त्या पोरांपैकी कोणीतरी."

बिर्गित्ता लिंदरोस यांनी कान दिला. त्यांना काहीच वेगळं ऐकू आलं नाही. त्या उठल्या, दार उघडून कोणाला तरी हाक मारली आणि गोठ्यात पाठवलं. थोड्या वेळाने आवाज सरळ झाला. दोघींनी कॉफी संपवली.

घरी ताउनोने विचारलं, "काय झालं?"

"बोलले."

"किती?"

"बरंच."

त्याने मान डोलावली आणि तिच्यासाठी वाफेच्या आंघोळीचा सॉना तापवायला गेला.

रिस्सानेन दांपत्य नाताळाला लेकीकडे गेलं, आणि इर्मेलीची शेवटची पाळी त्यांच्याच गोठ्यावर आली. सकाळी अंगणात गुडघाभर बर्फ होता. तिने दार उकरून उघडलं, चोवीस गायींच्या धारा काढल्या, शेण ओढलं, वासरांना पाजलं. कोमट दुधाची बादली हातात असतानाच फोन वाजला.

"लिंदरोस. उशीर झाला, सह्या व्हायच्या होत्या. काम तुमचं. सात जानेवारीला या."

"बरं," इर्मेली म्हणाली.

"बरं म्हणजे हो ना?"

"हो."

"खूश आहात का तुम्ही?"

इर्मेलीने वासराच्या तोंडातून आपलं बोट सोडवलं. "तक्रार नाही," ती म्हणाली, आणि पलीकडून बाई मोठ्याने हसल्या.

तिने ताउनोला फोन लावला. "सात तारखेपासून," एवढंच सांगितलं. पलीकडे करवत बंद झाली. "कॉफी ठेवतो," तो म्हणाला.

मग ती दूधघरात गेली. खिडकीच्या काचेवर आतून बर्फ धरला होता आणि सुतळीला बांधलेलं पेन उमटत नव्हतं. तिने ते काखेत धरून ऊब दिली. वहीत लिहिलं:

"शनिवार सकाळ. सगळ्यांनी खाल्लं. अकरा नंबर माजावर आहे. ओमेना शांत. पुढे जो येईल त्याने तिला तीन पावलांवरून हाक मारावी."

ती थांबली. पेन पुन्हा काखेत धरलं. मग खाली, जिथे सव्वीस वर्षं कोरी जागा सुटत आली होती, तिथे दाबून लिहिलं: इर्मेली हुत्तुनेन.